कॉलेजच्या संघातून खेळताना दुखापत झाली तर: भरपाई, मदत आणि विमा यांतला फरक

तुमच्या घरातली मुलगी किंवा मुलगा कॉलेजच्या संघातून कबड्डी, फुटबॉल, व्हॉलीबॉल खेळत असेल, तर ही माहिती सामन्याआधी वाचा. दुखापत झाल्यावर वाचलीत तर यातली निम्मी तुमच्या उपयोगाची राहणार नाही. ज्या योजनांतून पैसे मिळू शकतात, त्यांतल्या बहुतेक योजना आधी नाव नोंदवलेल्या माणसालाच पैसे देतात. आणि कॉलेजच्या खेळाडूला खेळताना इजा झाली तर अमुक इतकी भरपाई मिळालीच पाहिजे, असे सांगणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही.

कावेरीच्या खोऱ्यात खेळाला कमतरता नाही. सांब्याचे पीक निघाले, पोंगल जवळ आला, की गावोगाव दिवे लावून रात्रीचे कबड्डीचे सामने सुरू होतात. तिरुवारूर जिल्ह्यातल्या वडुवूर गावाची तर ओळखच कबड्डी अशी आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये बहरीनला झालेल्या आशियाई युवा क्रीडा स्पर्धेत भारताच्या मुलांच्या कबड्डी संघाला सुवर्णपदक मिळाले. त्या संघात वडुवूरचा एक मुलगा होता. तमिळनाडू सरकारने त्याला आणि मुलींच्या संघातल्या चेन्नईच्या खेळाडूला प्रत्येकी 25 लाख रुपये दिले. ऑलिंपिक सुवर्णपदकासाठी राज्याचे बक्षीस 3 कोटी आहे. पदक मिळाल्यावर किती मिळणार, हे आधीपासून छापलेले असते. पाय गेला तर किती, हे मात्र घटना घडल्यावर ठरते, आणि ते बरेचदा बातमी किती मोठी झाली यावर अवलंबून असते.

दोन घटना, दोन वाटा

नोव्हेंबर 2022. चेन्नईच्या क्वीन मेरी कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या 17 वर्षांच्या फुटबॉलपटू मुलीच्या गुडघ्याचे लिगामेंट फाटले होते. पेरियार नगरच्या सरकारी रुग्णालयात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर पायाला पट्टी इतकी घट्ट बांधली गेली की रक्तपुरवठा बंद पडला, असे आरोग्यमंत्र्यांनी नंतर सांगितले. राजीव गांधी सरकारी रुग्णालयात हलवून पाय कापावा लागला, आणि 15 नोव्हेंबरला ती मुलगी गेली. दोन डॉक्टर निलंबित झाले, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. मुख्यमंत्र्यांनी घरी जाऊन कुटुंबाला 10 लाख रुपये, भावाला नोकरी आणि राहायला घर दिले.

त्याच वर्षीचा जुलै. कोल्लिडम नदीच्या उत्तरेला, कडलूर जिल्ह्यात पनरुटीजवळच्या एका गावात कबड्डीचा सामना चालू होता. सेलमच्या कॉलेजात शिकणारा 22 वर्षांचा तरुण चढाई करताना पडला, उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा कोसळला. रुग्णालयात नेईपर्यंत तो गेला होता. त्या क्षणाचे चित्रण देशभर मोबाइलवर फिरले.

दोघेही कॉलेजचे विद्यार्थी, दोघेही खेळाडू. पण सरकारी कागदावर या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत. पहिल्या घटनेत चूक रुग्णालयात झाली, मैदानावर नाही. दुसऱ्या घटनेत सामना कॉलेजचा नव्हता, गावचा होता. मुलगा आपल्या क्रीडा मंडळाकडून खेळत होता. त्यामुळे कॉलेजकडे बोट दाखवायला दोन्हीकडे जागा नाही. तुमच्या घरावर अशी वेळ आली, तर पहिला प्रश्न हाच येईल: मुलाला मैदानावर कोणी पाठवले होते आणि इजा नेमकी कुठे झाली? उत्तर कागदावर असेल तरच पुढचे काही होते.

तीन शब्द वेगळे ठेवा

अनुवाद करताना मला सर्वांत जास्त सांभाळावे लागतात ते हे तीन शब्द. बोलताना आपण सगळ्याला 'भरपाई' म्हणतो. सरकार तसे म्हणत नाही.

भरपाई म्हणजे कोणाच्या तरी चुकीमुळे किंवा कायद्याने ठरवलेल्या जबाबदारीमुळे मिळणारा पैसा. तो मागायचा तुम्हाला हक्क असतो आणि नाकारला तर न्यायालयात जाता येते. तमिळ कागदावर त्याला 'इळप्पीडु' म्हणतात. सानुग्रह मदत म्हणजे सरकारने सहानुभूतीने दिलेली रक्कम. तमिळमध्ये 'करुणै तोगै'. करुणा हा शब्द त्या नावातच आहे. ती मिळाली तर मिळाली. चेन्नईच्या कुटुंबाला मिळालेले 10 लाख या प्रकारचे. तिसरा शब्द विमा. तिथे करार असतो, हप्ता भरलेला असतो, आणि अटींत बसले तर रक्कम द्यावीच लागते.

तमिळ अर्जांत चौथा एक शब्द दिसतो, 'निवारणम्'. आपल्या लोकांची इथे हमखास गल्लत होते, कारण मराठीत निवारण म्हणजे दूर करणे: तक्रारीचे निवारण, रोगाचे निवारण. तमिळ सरकारी भाषेत मात्र तो 'मदत' या अर्थाने येतो. मुख्यमंत्री सार्वजनिक मदत निधीच्या नावात हाच शब्द आहे. तेव्हा 'निवारणम्' मागितलेत तर तुम्ही मदत मागितली आहे. चूक कोणाची होती आणि म्हणून पैसे हवे आहेत, असे म्हणायचे असेल तर अर्जात 'इळप्पीडु' हा शब्द लिहून घ्या. मदत घेतली म्हणून भरपाईची वाट बंद होते असे आपोआप होत नाही. पण पैसे घेताना कशावर सही करत आहोत, ते आधी कोणाकडून तरी वाचून घ्या.

खेळाडू हा कामगार का नाही

कारखान्यात हात सापडला तर मालकाला भरपाई द्यावी लागते. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याने तो हक्क दिला, आता तो सामाजिक सुरक्षा संहिता 2020 मध्ये आला आहे. पण त्यासाठी मालक आणि नोकर असे नाते लागते. कॉलेजचा खेळाडू नोकर नाही, विद्यार्थी आहे. क्रीडा कोट्यातून प्रवेश मिळाला, फी माफ झाली, राहणे-जेवण फुकट मिळाले, तरी ती शिष्यवृत्ती समजली जाते, पगार नाही.

हा वाद जुना आहे आणि फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत कॉलेजचे फुटबॉल सामने हा कोट्यवधी डॉलरचा व्यवसाय आहे. तिथे 1950 च्या दशकात कोलोरॅडो राज्यातल्या एका कॉलेजचा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने कामगार म्हणून भरपाई मागितली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये नाही म्हटले. त्याच काळात तिथल्या कॉलेज क्रीडा संघटनेने, म्हणजे एनसीएएने, 'विद्यार्थी-खेळाडू' हा जोडशब्द रूढ केला. कामगार म्हणून दावे येऊ नयेत हा त्यामागचा हेतू होता, हे संघटनेच्या त्या वेळच्या प्रमुखांनीच पुढे लिहून ठेवले. एका शब्दाने हजारो मुलांचा हक्क अडवला. ऑगस्ट 2024 पासून मात्र तिथे सर्वांत वरच्या गटातल्या कॉलेजांना खेळातल्या दुखापतीचा उपचार खर्च मुलाने कॉलेज सोडल्यावरही किमान 2 वर्षे उचलावा लागतो.

आपल्याकडे तेवढेही बंधन नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. त्यात खेळाडूंच्या समित्या, सुरक्षित खेळाचे धोरण आणि वाद सोडवायला न्यायाधिकरण आहे. तो मुख्यतः क्रीडा महासंघांचा कायदा आहे. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजातल्या मुलीचा घोटा मोडला, तर त्या कायद्यात तिला शोधून काही हाती लागणार नाही.

मग आज हातात काय आहे

खेळाडूंसाठी म्हणून असलेल्या योजना आधी बघू. त्या चांगल्या आहेत, पण त्यांचे दार उंच आहे.

केंद्र सरकारचा पंडित दीनदयाळ उपाध्याय राष्ट्रीय क्रीडापटू कल्याण निधी 1982 पासून आहे. सराव करताना किंवा स्पर्धेत इजा झाली तर 10 लाखांपर्यंत, उपचारासाठी 10 लाखांपर्यंत, खेळाडू गेला तर कुटुंबाला 5 लाखांपर्यंत मदत त्यातून मिळू शकते. अट अशी की खेळाडूची कामगिरी वरच्या पातळीवरची असावी आणि घरची परिस्थिती हलाखीची असावी. विद्यापीठाच्या संघापर्यंत न पोचलेली मुलगी इथे बसत नाही. खेलो इंडियात निवड झालेल्या आणि भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रांतल्या खेळाडूंना विमा आहे. 2021 मध्ये प्राधिकरणाने 13,000 हून अधिक खेळाडू, प्रशिक्षक आणि सहायकांसाठी तो जाहीर केला: उपचाराला वर्षाला 5 लाख, अपघात किंवा मृत्यूला 25 लाख. तुमच्या मुलाची अशी निवड झाली असेल तर विम्याचा कागद आजच मागून घ्या. तमिळनाडू चॅम्पियन्स फाउंडेशन मे 2023 मध्ये सुरू झाले. प्रवास, साहित्य, स्पर्धेचा खर्च यासाठी खेळाडू तिथे अर्ज करू शकतात.

बाकीच्या सर्व मुलांसाठी, म्हणजे दहातल्या नऊ जणांसाठी म्हटले तरी चालेल, उरतात त्या सामान्य माणसाच्या योजना. त्या खेळाडूसाठी बनलेल्या नाहीत. पण नीट जुळवल्या तर पुष्कळ भार उचलतात.

पहिली, मुख्यमंत्र्यांची सर्वसमावेशक आरोग्य विमा योजना. लोक तिला 'काप्पीट्टु तिट्टम' म्हणतात. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 1,20,000 रुपयांपर्यंत असेल तर वर्षाला 5 लाखांपर्यंत रुग्णालयातला उपचार पैसे न भरता होतो. 2018 पासून ही योजना केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडलेली आहे. रेशनकार्ड, आधार आणि व्हीएओकडून (आपल्याकडच्या तलाठ्यासारखा अधिकारी) घेतलेला उत्पन्नाचा दाखला घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नोंदणी केंद्रावर जा. चौकशीचा क्रमांक 1800 425 3993. कॉलेजच्या मुलांच्या दृष्टीने एक अट लक्षात ठेवण्यासारखी आहे. या योजनेत मुले कुटुंबात धरली जातात ती नोकरी लागेपर्यंत, लग्न होईपर्यंत किंवा 25 वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांतले जे आधी होईल तोवर. म्हणजे पदवीपर्यंतच्या मुलांची चिंता नाही, पण वय वाढवून पुढचे शिक्षण घेणाऱ्याने कार्ड तपासावे. आणि त्याचे नाव रेशनकार्डावर आहे का तेही बघा. होस्टेलला जाताना नाव कमी केलेली उदाहरणे कमी नाहीत.

आपल्यापैकी काही घरे व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावरला आहेत. त्यांची रेशनकार्डे इथलीच. पण खानापूर, आटपाडी, विटा भागातून गलाईच्या कामासाठी दक्षिणेत आलेली घरे वेगळी. दुकान इथे, मूल इथल्या कॉलेजात आणि रेशनकार्ड सांगली जिल्ह्यात. अशांनी दोन गोष्टी कराव्यात. गावच्या यादीत आयुष्मान भारतसाठी नाव आहे का ते 14555 वर विचारा. ते कार्ड असेल तर देशात कुठल्याही यादीतल्या रुग्णालयात चालते. नसेल तर इथे 6 महिन्यांहून अधिक राहत असल्याचा अधिकृत दाखला घेऊन इथल्या योजनेच्या नोंदणी केंद्रावर विचारा. परराज्यातून कामाला आलेल्यांना योजनेत घेण्याची तरतूद आहे.

या विम्याची खरी मर्यादा वेगळीच आहे. तो रुग्णालयात दाखल झालेल्या माणसासाठी आहे. आयुष्मान भारतमध्ये दाखल होण्याआधीचे 3 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस धरतात. गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली तर पुन्हा धावायला लागायला 6 ते 9 महिने जातात, आणि त्या काळात आठवड्यातून काही वेळा फिजिओथेरपी लागते. शस्त्रक्रिया फुकट झाली, पण व्यायाम परवडला नाही म्हणून गुडघा आखडला, हे घडते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, जसे तंजावरला आहे, फिजिओथेरपी विभाग असतो. शस्त्रक्रियेची तारीख घेतानाच तिथल्या पुढच्या तारखाही मागा. रोजचे बसभाडे धरून हिशेब करा. खेड्यातल्या मुलींची फिजिओथेरपी सुटते ती या भाड्यापायीच.

वीस रुपयांचा विमा आणि सतरा वर्षांची मुले

दुसरी योजना प्रधानमंत्री सुरक्षा विमा. वर्षाला 20 रुपये, बँकेच्या खात्यातून आपोआप कापले जातात. अपघाती मृत्यू किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात वा पाय गेले तर 2 लाख; एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर 1 लाख. विम्याचे वर्ष 1 जून ते 31 मे. तुमच्या मुलीला पुदुमै पेण् योजनेतून किंवा मुलाला तमिळ पुदल्वन् योजनेतून महिन्याला 1,000 रुपये येत असतील, तर तिचे-त्याचे बँक खाते आधीच आहे. त्याच खात्यावर हा विमा चालू करायला एक अर्ज पुरतो. मे महिन्याच्या शेवटी खात्यात 20 रुपये शिल्लक ठेवा. शिल्लक नसेल तर विमा गुपचूप बंद पडतो.

पण यात लिगामेंट येत नाही, मोडलेले हाडही येत नाही. कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू, एवढेच. आणि 'अपघात' याचा अर्थ इथे बाहेरून, अचानक, जोराने, दिसेल अशी इजा. पनरुटीसारख्या घटनेत छातीवर मार बसून मृत्यू झाला असेल तर तो अपघात. धावता धावता हृदय बंद पडले तर तो या विम्यात अपघात ठरत नाही. हे ठरवतो पोस्टमॉर्टेमचा अहवाल. आपल्याकडे पोरका झालेला बाप म्हणतो, आता त्याला आणखी चिरू नका. त्याचे चुकते असे मी म्हणणार नाही, पण अहवाल नसेल तर दावा उभा राहणे फार कठीण, हे त्या क्षणी कोणीतरी शेजाऱ्याने सांगायला हवे. दाव्याचा अर्ज बँकेच्या शाखेत 30 दिवसांच्या आत द्यायचा असतो.

हृदय बंद पडून मृत्यू झाला तर प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा उपयोगी येतो. वर्षाला 436 रुपये, वय 18 ते 50, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तर 2 लाख. पहिल्या 30 दिवसांत फक्त अपघाती मृत्यू धरतात.

आता एक गोष्ट बघा. दोन्ही विम्यांना वय 18 पूर्ण लागते. बारावी होऊन कॉलेजात आलेले मूल बहुतेक वेळा 17 वर्षांचे असते. चेन्नईची ती मुलगी 17 चीच होती. महाराष्ट्रात राजीव गांधी विद्यार्थी सुरक्षा योजना शाळकरी मुलांसाठी आहे: अपघाती मृत्यूला 1,50,000 रुपये, खेळताना झालेली दुखापतही तिच्यात धरली आहे. पण ती पहिली ते बारावी. बारावीचा निकाल लागला की संपली. शाळेचे छत्र जाते आणि मोठ्यांचे अजून मिळत नाही, असे हे वर्ष असते. आणि कॉलेजच्या संघात निवड होते ती नेमकी याच वर्षी. सरकारला करायचे असेल तर ही सर्वांत स्वस्त दुरुस्ती आहे: वयाची अट 18 ऐवजी 'कॉलेजात प्रवेश घेतलेला' अशी करणे.

अशक्य आहे का? महाराष्ट्रातच बघा. दहीहंडीच्या गोविंदांसाठी सरकार 2023 पासून विमा उतरवते. त्या वर्षी माणशी 75 रुपये हप्ता होता आणि 50,000 गोविंदा. 2024 मध्ये 75,000. 2025 मध्ये दीड लाख. मृत्यूला 10 लाख, दोन अवयव गेले तरी 10 लाख, एक गेला तर 5 लाख. दर आधी ठरलेला, हप्ता सरकारचा, मंडळाने फक्त नावे द्यायची. कॉलेजच्या मुलांसाठी महाराष्ट्राच्या उच्च शिक्षण विभागाने 2023 मध्ये स्वस्त अपघात विमा आणला: 20 रुपयांत 1 लाखाचा, 62 रुपयांत 5 लाखांचा. तो हप्ता विद्यार्थ्याच्या खिशातून जातो, पण निदान दार उघडले. थरावर चढणाऱ्याला जे मिळते ते विद्यापीठाच्या संघातून चढाई करणाऱ्याला का मिळू नये, हा प्रश्न दोन्ही राज्यांना विचारता येईल.

चूक कोणाची असेल तेव्हा

वरचे सगळे चूक कोणाची हे न विचारता मिळणारे. चूक दिसत असेल, तर वाट वेगळी. गोलपोस्ट गंजून पडला, पाण्यात उतरवले आणि कोणी लक्ष ठेवले नाही, दुखापत सांगूनही खेळायला लावले, तर संस्थेवर जबाबदारी येते. 1995 मध्ये पंजाबातल्या एका शाळेची 14 मुले सहलीत बियास नदीत बुडाली. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये प्रत्येक कुटुंबाला 5 लाखांची भरपाई कायम केली: मुले ताब्यात घेतली की त्यांची काळजी ही शाळेची जबाबदारी. कॉलेजविरुद्ध मागणी करताना वकील याच निकालाकडे बघतील.

ग्राहक आयोगाकडे जावे का, असे अनेक जण विचारतात. कॉलेजच्या बाबतीत ती वाट डळमळीत आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2020 मध्ये शिक्षणसंस्था आणि तिथले खेळासारखे उपक्रम ग्राहक कायद्याबाहेर ठेवले. रुग्णालयाच्या बाबतीत, जिथे सगळ्यांना सगळेच फुकट मिळते ते रुग्णालय 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार ग्राहक कायद्यात येत नाही. काहींकडून पैसे घेणारे येते, आणि तिथे तुम्हाला फुकट उपचार मिळाला असला तरी तक्रार करता येते, 2 वर्षांच्या आत. वकिलाच्या फीची धास्ती असेल तर 15100 वर फोन करा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण महिलांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील देते.

गावच्या सामन्यांसाठी आणखी एक. तंजावर जिल्हा मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाखाली येतो. कबड्डीला परवानगी देताना या खंडपीठाने प्रथमोपचाराची सोय आणि नशापाणी करून न खेळणे अशा अटी अनेकदा घातल्या आहेत. परवानगीचा कागद आयोजकांकडे असतो. मुलाला मैदानात उतरवण्याआधी तो दाखवा म्हणायला लाजू नका.

जपून ठेवायचे कागद

कॉलेज मुलाला स्पर्धेला पाठवते तेव्हा हजेरी बुडू नये म्हणून 'ओडी' देते. मुले त्याकडे सुट्टीची चिठ्ठी म्हणून बघतात. खरे तर मुलाला कॉलेजने पाठवले होते, याचा तोच सर्वांत साधा पुरावा. प्रत्येक ओडीचा मोबाइलवर फोटो काढून घरी पाठवायला सांगा.

इजा झाली तर रुग्णालयात अपघात नोंदवहीत नोंद होते, तिची प्रत 'एआर कॉपी' म्हणून मागा. त्यात कारण 'पडून' एवढेच न लिहिता 'कॉलेजच्या अमुक सामन्यात खेळताना' असे लिहिले आहे का ते पाहा, तिथल्या तिथे. नंतर ते बदलत नाही. पोलिसांत कळवले तर एफआयआर नाही तरी सीएसआर पावती मिळते, ती घ्या. सामन्याला जाताना रस्त्यावर अपघात झाला तर तो खेळाचा अपघात नाही, रस्त्याचा. त्यासाठी तमिळनाडूची 'इन्नुयिर काप्पोम' योजना आहे, डिसेंबर 2021 पासून. पहिल्या 48 तासांचा उपचार मोफत, कार्ड असो वा नसो, माणूस कुठल्याही राज्याचा असो.

आणि कॉलेजला एक पत्र द्या, प्रवेशाच्या वेळीच. फिजिकल डायरेक्टरना, म्हणजे पीडी सरांना, तोंडी विचारले तर 'आम्ही बघून घेऊ' असे उत्तर येईल, आणि ते बहुधा मनापासून असेल. पण पत्र प्राचार्यांच्या नावे द्या आणि एका प्रतीवर शिक्का घ्या. त्यात एवढे विचारा: संघातल्या विद्यार्थ्यांचा अपघात विमा कॉलेजने उतरवला आहे का, कोणत्या कंपनीचा, किती रकमेचा, 17 वर्षांच्या मुलांना तो लागू आहे का, आणि सराव व सामन्याच्या वेळी प्रथमोपचार कोण देणार. सरकारी किंवा अनुदानित कॉलेज असेल आणि उत्तर आले नाही, तर हेच प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारता येतात. 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. जिल्हाधिकारी कार्यालयात दर सोमवारी तक्रार दिन असतो, तिथेही हे पत्र जोडून अर्ज देता येतो. मुख्यमंत्र्यांच्या मदतवाहिनीचा क्रमांक 1100. पत्र तमिळमध्ये असलेले बरे. विम्याला त्यात 'काप्पीडु' हा शब्द आला आहे ना, ते लिहिणाऱ्याला वाचून दाखवायला सांगा.